मिक्सर निर्दोष होता

कळव्यात बाथरूमची फरशी तापवण्यासाठी पैसे मोजणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. गरजच नाही. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना एप्रिल-मेमध्ये ही सोय बिल्डरनं फुकट दिलेली असते. गच्चीतल्या टाकीचं पाणी दुपारी नळाला असं येतं की गार पाण्यासाठी बादली भरून तासभर वाट पाहावी. आणि आमची थंडी? जानेवारीत पारसिकच्या डोंगरावरून काही सकाळी गार वारा येतो. तेवढ्यावर लोक कानटोप्या बाहेर काढतात, जिन्यात भेटल्यावर "यंदा बरी पडलीय" म्हणतात, आणि त्या कानटोप्या धुऊन परत ठेवेपर्यंत पंखे पाचवर गेलेले असतात.

पण माझी लेक राहते कॅनडात, टोरांटोच्या शेजारी मिसिसागाला. तिथल्या हिवाळ्यात सकाळी उठून अनवाणी पाय टाइलवर ठेवणं हे धैर्याचं काम आहे. म्हणून घर घेतल्यावर तिनं बाथरूमच्या फरशीखाली हीटिंगची केबल टाकून घेतली. रचना साधी. टाइलखालच्या सिमेंटच्या थरात नागमोडी वळणं घेत जाणारी एक बारीक केबल. तिच्या पोटात तापणारी तार, तारेवर इन्सुलेशन, त्यावर अर्थिंगला जोडलेली धातूची विणलेली जाळी आणि सगळ्यावर प्लास्टिकचं वेष्टण. फरशीत एक सेन्सर, भिंतीवर थर्मोस्टॅट. तिकडे साधारण चौरस फुटाला १२ वॉट धरतात. तिची तापणारी फरशी ५० चौरस फूट, म्हणजे ६०० वॉट. आमचा गिझर २००० वॉटचा आहे. त्यामुळे विजेच्या बाजूनं मला आक्षेप घेता येईना. मी तो क्षेत्रफळावर घेतला. पन्नास चौरस फूट नुसती तापणारी फरशी! आमची अख्खी बाथरूम सहा बाय चार आहे, बादली धरून.

पायाखाली ऊब असावी ही कल्पना तशी जुनी. कोरियात जमिनीखालून चुलीचा धूर खेळवून खोल्या उबदार करत, त्याला ओंडोल म्हणतात. रोमन लोकांच्या स्नानगृहांची जमीन बुटक्या खांबांवर उभी असे आणि खालून गरम हवा फिरे. काश्मिरात आजही हमाम असतो: दगडी लाद्यांची खोली, खाली लाकडं पेटलेली, वर मंडळी निवांत. आपल्याकडे जमीन तापवण्याइतकी थंडी नाही, म्हणून आपण पाण्यावर भागवलं. कोकणात न्हाणीतली चूल, देशावर आणि शहरात तांब्याचा बंब. बंबाचा बिघाड दिसायचा. गळला तर खाली थेंब, कोंडला तर घरभर धूर. आईला बंबाचं निदान करायला कुठलंही उपकरण लागत नसे. ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "राख काढली नाहीस वाटतं!" आणि ते बरोबर असायचं. विजेचा बिघाड धूर काढेपर्यंत फार उशीर झालेला असतो. एरवी तो गप्प असतो. आणि जिथं बिघाड गप्प असतो तिथं माणसं बोलायला लागतात.

गेल्या ऑक्टोबरात, तिकडे गारठा सुरू झाला तेव्हा, लेकीच्या फरशीनं असहकार पुकारला. थर्मोस्टॅट चालू केला की थोड्या वेळात लाल दिवा आणि सगळं ठप्प. बटण दाबलं की पुन्हा थोडा वेळ सुरू, पुन्हा लाल दिवा. तिची सकाळ आणि माझी संध्याकाळ यांत साडेनऊ तासांचं अंतर. मी चहा घेत असताना तिचा फोन आला, "बाबा, तुला फरशी दाखवते, बघ."

मला का, तर एक म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी स्विचगिअरच्या टेस्टिंगला होतो. आणि दुसरं म्हणजे मी कळव्याचा. आमच्या व्याह्यांची समजूत आहे की कळव्यातलं मूल चालायच्या आधी टेस्टर धरतं. ती अगदीच निराधार नाही. महाराष्ट्रभर वीज किती लागते आणि कुठून किती आणायची याचा मेळ क्षणोक्षणी घालणारं राज्य भार प्रेषण केंद्र कळव्याचं म्हणून ओळखलं जातं, जरी पत्रावर पत्ता ऐरोलीचा घालावा लागतो. शेजारी ४०० केव्हीचं सबस्टेशन. रस्त्यावर सीमेन्सचा कारखाना, पुढे मुकंदचं पोलाद, रुळांकडे लोकलचं कारशेड. विटाव्याकडून जाताना डोक्यावरून इतक्या तारा जातात की पतंग उडवणाऱ्या पोरांना भूगोल आपोआप येतो. इथून गुजरात कुठं आणि कोयना कुठं, हे आम्ही टॉवर बघून सांगू शकतो, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो.

तर फरशी. मी काही विचारायच्या आत आरोपींची यादी तयार होती. जावई संगणकातला माणूस. त्यानं आधी सगळं बंद करून पुन्हा चालू केलं आणि मग थर्मोस्टॅटवर शंका घेतली. लेकीचा संशय नातीवर, कारण ती टबातून पाणी उडवते. नातीचा संशय बाबांवर, कारण तिच्या घरात सगळ्या गोष्टी बाबाच बिघडवतात. फरशी बसवणारा माणूस गैरहजर असल्यामुळे त्याच्यावर सर्वांचं एकमत. मी म्हटलं, कोणी केलं ते राहू द्या, आधी कुठं झालंय ते बघू. पॅनेलमधला त्या सर्किटचा ब्रेकर पाडा, थर्मोस्टॅट भिंतीवरून उतरवा, फरशीतून आलेल्या वायरी सुट्या करा आणि मल्टिमीटर आणा.

अशा फरशीची तपासणी फार गूढ नसते. आधी तापणाऱ्या तारेच्या दोन टोकांमधला रोध मोजायचा. ६०० वॉट आणि १२० व्होल्ट म्हणजे २४ ओहम. केबलच्या लेबलवर हा आकडा छापलेलाच असतो. मीटरनं अनंत दाखवलं तर तार आत कुठंतरी तुटली. आकडा फारच कमी आला तर आत कुठंतरी दोन तारा एकमेकींना भेटल्या. लेकीचा आकडा लेबलशी जुळला. म्हणजे तार शाबूत. मग तार आणि तिच्याभोवतीची अर्थची जाळी यांच्यात मोजायचं. तिथं काहीच जायला नको. खरं तर ही तपासणी मेगरनं करायची असते, ५०० किंवा १००० व्होल्टांवर, कारण साध्या मीटरची बॅटरी चोराला पकडण्याइतकी जोरकस नसते. पण लेकीच्या साध्या मीटरनंही तिथं काही हजार ओहम दाखवले. म्हणजे वीज तारेतून जाळीत, जाळीतून जमिनीत झिरपत होती. थर्मोस्टॅट निर्दोष. उलट घरात शहाणा तोच एक होता. तिकडच्या थर्मोस्टॅटच्या पोटात गळती पकडणारी यंत्रणा असते. ५ मिलिअँपिअर वीज वाट चुकली की ती खटका पाडते. त्याला शिक्षा म्हणून जावयानं नवा थर्मोस्टॅट मागवलासुद्धा होता. तो परत पाठवायला लावला.

"या उन्हाळ्यात त्या फरशीत कोणी खिळा, स्क्रू, काही मारलंय का?" मी विचारलं. पलीकडे शांतता. मग कॅमेरा हळूहळू खाली आला आणि दारामागे थांबला. तिथं एक देखणा रबरी गुट्टा होता. दार भिंतीवर आपटू नये म्हणून जावयानं ऑगस्टमध्ये स्वतः ड्रिल करून बसवलेला. नात म्हणाली, "सी?"

स्क्रूचं टोक केबलच्या जाळीतून आत शिरलं होतं. बसवल्यापासून फरशी चालूच केलेली नव्हती, त्यामुळे दोन महिने कोणाला पत्ता नाही. पुढचं काम तिथल्या कारागिरानं केलं. मेगर लावला, मग उष्णता दाखवणारा कॅमेरा आणला. असा कॅमेरा तापलेल्या केबलची सगळी वळणं फरशीवर उमटवून दाखवतो. ते चित्र लेकीनं मला पाठवलं, ते अजून माझ्या फोनमध्ये आहे. एकच टाइल फोडली, केबलला जोड दिला, वर नवी टाइल. नवी म्हणजे जुन्यातलीच. उरलेल्या टाइला तिनं तळघरात जपून ठेवल्या होत्या. आमच्याकडे त्या माळ्यावर असतात. घरात काहीही फेकू नये हा संस्कार तिनं कॅनडात नेला याचं मला बरं वाटलं, पण तिची आई म्हणाली की तो कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

मला या सगळ्यात रस वाटतो तो वेगळ्याच कारणानं. खटका पडतो तेव्हा तो फक्त एवढंच सांगतो की कुठंतरी काहीतरी चुकलंय. कुठं, ते सांगत नाही. कोण, हा तर त्याचा विषयच नाही. पण आपल्याला पहिल्या फटक्यात 'कोण' पाहिजे असतं. 'कुठं' शोधायचं तर डबे उघडावे लागतात, स्टुलावर चढावं लागतं; 'कोण' सोफ्यावर बसून ठरवता येतं.

हे घरापुरतंच आहे असंही नाही. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग एकदम अंधारला. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोरोनाचे दिवस, घरून काम करणाऱ्यांचे पडदे काळे झाले. कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वाहिनीच्या एका सर्किटचं दुरुस्तीचं काम चालू होतं, भार दुसऱ्यावर होता, आणि ते दुसरंही बंद पडलं. आमच्या कळव्याचं नाव त्या दिवशी देशभर गेलं. एरवी ते लोकलच्या गर्दीच्या बातमीत येतं, तेवढंच. मग चौकशा, अहवाल. पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेतून बातमी आली की यामागे चिनी हॅकर असू शकतात. राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती मानवी चूक होती असं सांगितलं. मी टेस्टिंगचा माणूस, माझं लक्ष वाहिन्यांवर. पण आमच्या नाक्यावरच्या कट्ट्याला दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या सर्किटमध्ये काडीचा रस नव्हता. चीन म्हटल्यावर सगळे सरसावून बसले. वाहिनीशी भांडता येत नाही.

आता मिक्सरची हकिकत. ही आमच्याच बिल्डिंगमधली, खालच्या मजल्यावरची.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्या घरात मिक्सर लावला की घरभर अंधार व्हायला लागला. पंखे चालत, फ्रिज चाले, टीव्ही चाले. मिक्सर फिरवला की खट्ट. एक दिवस, दोन दिवस, मग मिक्सर गुन्हेगार ठरला. त्याच्याविरुद्ध पुरावा इतका भक्कम होता की बचावाचा प्रश्नच नव्हता. शेजारणीकडे नेऊन लावला तर तिथं गुपचूप चालला. त्यावर घरमालकांचं म्हणणं, "त्यांच्याकडचं व्होल्टेज वेगळं आहे." शीळ-मुंब्रा-कळव्याचं वीजवितरण मार्च २०२० पासून खासगी कंपनीकडे आहे, त्या बदलालाही थोडा दोष देऊन झाला. एका जिन्यातल्या दोन घरांना दोन वेगळी व्होल्टेज कोण कशाला पुरवेल, हे मी विचारलं नाही. निकाल लागलेला होता.

इथं त्या खटक्याविषयी थोडं सांगायला हवं. मीटरच्या पुढे, घरातल्या डीबीमध्ये, बाकीच्या एमसीबींपेक्षा रुंद आणि 'टेस्ट' लिहिलेलं बटण असलेला जो असतो तो आरसीसीबी. जुनी माणसं ईएलसीबीच म्हणतात, म्हणू द्या. तो घराचा हिशेबनीस आहे. फेजमधून जेवढी वीज घरात गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली का, एवढंच तो बघतो. किती खर्च केली याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून जातात. जाणारी आणि येणारी सारखी असली की कड्यात शांतता. फरक पडला की तो फरक नक्की कुठंतरी अर्थमध्ये गेलाय: भिंतीत, पाण्यात किंवा माणसात. आपल्याकडे घरात ३० मिलिअँपिअरचा बसवतात. ३० मिलिअँपिअर म्हणजे किती? रात्री देवघरात लावतो त्या पंधरा वॉटच्या झिरोच्या बल्बला सुमारे ६५ लागतात. त्याच्या निम्म्याहूनही कमी वीज हरवली तर हा माणूस दुकान बंद करतो. ओल्या अंगाच्या माणसाच्या छातीतून त्याहून जास्त वीज गेली तर काय होतं ते आठवलं की त्याचा काटेकोरपणा मला अतिशय प्रिय वाटतो.

पण या काटेकोरपणाचं घरात स्वागत काय होतं? "सारखा पडतो." "फार सेन्सिटिव्ह आहे." आणि मग कोणीतरी वायरमन भेटतो जो म्हणतो, "साहेब, डायरेक्ट करून देऊ का? त्रासच नको." डायरेक्ट करणं म्हणजे त्याला बाजूला ठेवून तारा सरळ जोडणं. त्यानंतर तो पडत नाही. मग एखाद्या सकाळी नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात, आणि लोक म्हणतात, पाण्यात करंट आहे, चप्पल घालून आंघोळ करा. अशी चपलेतली आंघोळ चालू असलेली घरं मी पाहिली आहेत. त्या वायरमनला मी दोष देतोच, पण मागणी घरातूनच आलेली असते.

खालच्यांनी डायरेक्ट केलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं. त्यांनी नवा मिक्सर आणला. दुकानात एक्स्चेंज ऑफर होती, जुना तिथंच दिला. नवा घरी आला, हळदकुंकू लागलं, वहिनींनी ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर घातली, बटण फिरवलं. खट्ट.

तेव्हा मला बोलावणं आलं. "काका, वेळ असेल तर बघता का?" वेळ असतोच. मी आधी विचारलं की घरात मिक्सरपेक्षा मोठा लोड काय आहे. एसी नाही, इस्त्री बाहेर जाते, राहिला गिझर. पण तो होळीपासून बंद होता, त्याचा एमसीबीसुद्धा खाली. "त्याचा संबंधच नाही," असं घरमालकांनी मला दोनदा बजावलं.

संबंध होता. घरातले ते एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतात. न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. म्हणजे बंद असलेल्या गिझरची एक तार घराच्या संसारात कायम सामील असते. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून भिंतीत ओल उतरत होती. गिझरच्या स्विचच्या लोखंडी डब्याला आतून गंज, आणि तिथं न्यूट्रलचं आवरण घासून तार डब्याला टेकली होती. डबा अर्थला. आता मिक्सर फिरला की त्याची साडेसातशे वॉटची वीज न्यूट्रलमधून परत निघायची. तिचा थोडा हिस्सा सरळ आरसीसीबीकडे यायचा आणि थोडा या डब्यातून अर्थमध्ये पळायचा. पंख्याचा एवढासा लोड, त्याचा पळणारा हिस्सा तीसच्या आत बसायचा. मिक्सरचा बसत नव्हता. बिघाड बाथरूममध्ये, खटका दाराजवळ, आणि नाव स्वयंपाकघराचं. सगळे एमसीबी खाली पाडून एकेक वर करत शोधायची जी नेहमीची पद्धत, ती इथं फसते. डीबीतल्या पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवून बघावी लागते. मेन बंद करून गिझरची न्यूट्रल सोडवली, तिचं टोक टेपनं बांधलं, मेन चालू केली. वहिनींना म्हटलं, आता फिरवा. चटणी झाली.

दुसऱ्या दिवशी वायरमननं तो डबा बदलून प्लास्टिकचा बसवला, तार नवी ओढली आणि गिझरला फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा दुहेरी एमसीबी लावला. वरच्या मजल्याच्या गळतीबद्दल सोसायटीच्या सभेत ठराव झाला. गळती अजून आहे, पण आता ती नुसतीच गळती आहे. घरमालकांनी माझे आभार मानले आणि विचारलं, "म्हणजे जुन्या मिक्सरमध्ये काहीच नव्हतं?" मी नाही म्हटलं. ते त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन आले. तो भंगारात गेला होता.

परवा वहिनी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, काका, नव्यावर चटणी जाडीभरडी राहते, जुन्यावर कशी लोण्यासारखी व्हायची. त्यांच्या मते नव्याच्या पात्यातच खोट आहे. त्यांचे यजमान मागून येत होते. त्यांचं मत पडलं की पात्यात काही नाही, ही पाणी कमी घालते.